आईची धडधड कुणाच्या फोनवर

४ मार्च

प्रिय वहिनी,

एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, हे आधीच कबूल करते. जिच्या छातीवर डोकं ठेवून मी लहानाची मोठी झाले, तिची धडधड दुसऱ्या कुणाच्या फोनवर दिसत असेल, तर मला बरं वाटायला हवं की वाईट?

रविवारी फोनवर तू सहज म्हणालीस, "आई ना? मस्त आहेत. आत्ता बहात्तर." मला आधी वाटलं, तू सासूचं वय वाढवून सांगतेस. मग कळलं की तू तिला मनगटावरचं नवं घड्याळ आणलंयस आणि तिच्या हृदयाचे ठोके तुला दुकानात बसून दिसतात. तिकडून दादा हसला, आई हसली, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र माझं चहावरून मन उडालं.

मग मीही प्रयत्न केला. घड्याळाचं ते अ‍ॅप माझ्या फोनवर घ्यायला गेले, तर फोन म्हणाला, "हे उपकरण फार जुनं आहे." माझा फोन तुला ठाऊकच आहे. पडद्याची खालची पट्टी मेलेली आहे आणि मेसेज पाठवायचं बटण नेमकं तिथेच. फोन आडवा धरला तर चालतं. म्हणून तर मी अजून पत्रं लिहिते. शिवाय आपण फोनवर बोलतो तेव्हा घरातले सगळे कान लावून असतात आणि आपण दोघी फार गोड बोलतो. हे पत्र मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय.

नवा फोन मी घेणार नाही. आमची संस्था जुने फोन गोळा करते, दुरुस्त करते आणि ज्यांना घेणं परवडत नाही त्यांना देते. मी शाळाशाळांत जाऊन सांगते, "चालतोय तोवर चालवा." हे मी पगारासाठी बोलत नाही, मला ते मनापासून पटलेलं आहे.

आणि आईच्या पाकिटात माझं कार्ड आहेच. "काही झालं तर कळवा." पहिलं कार्ड मी शाळेत असताना केलं. घरात फोन नव्हता, म्हणून हेडबाईंना न विचारता शाळेचाच नंबर टाकला होता. दादाचा का नाही, असं विचारू नकोस. तो फोन उचलत नाही, हे त्याची बायको म्हणून तुला जास्त ठाऊक. नंबर बदलला की मी कार्ड बदलते. घड्याळाने कितीही आकडे दाखवले, तरी आईच्या पाकिटात अक्षर माझं आहे.

तुझी,
वन्सं


११ मार्च

प्रिय वन्सं,

पाकीट पाहून मालक म्हणाले, "कोर्टाची नोटीस का?" मी एका आजोबांच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवत होते. म्हटलं, "नणंदेचं पत्र आहे." म्हणाले, "मग तेच ते."

तुला सांगायचं नव्हतं, पण आता सांगते. जानेवारीत आईंना लॉन्ड्रीत कामावर असताना चक्कर आली. वाफेच्या इस्त्रीपाशीच खाली बसल्या. "छोटीला कळवू नकोस, तिची नवी नोकरी आहे," असं त्यांनी मला बजावलं. डॉक्टरकडे यायला तयार होईनात. मग मी घड्याळ आणलं.

पहिल्या आठवड्यात माझी काय तारांबळ उडाली! भर दुकानात फोनवर आलं, "घड्याळ मनगटावर नाही." माझा जीव खालीवर. लॉन्ड्रीत फोन केला. सुपरवायझर बाईंनी आईंना चादरींच्या ढिगाऱ्यामागून शोधून आणलं. वाफेने पट्टा भिजतो म्हणून काढून ठेवलं होतं म्हणे! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा माझा फोन. त्यानंतर मात्र तशी वेळ आली नाही. आता दिवसभर हातात असतं, एक क्षण सुटत नाही.

आणि एक मजा बघ. घरी जिना चढताना ठोके वाढतात, माझ्याशी मिठावरून वाद घालताना वाढतात, पण कामावर असल्या की अगदी शांत. त्या भट्टीत उभ्या राहून त्यांचं हृदय झोपाळ्यावर बसल्यासारखं चालतं. मी दुकानात सगळ्यांना दाखवते. मालकांनी तर त्यांच्या बायकोला सांगितलं, "अशी सून पाहिजे."

तुला एवढं लागलंय, तर नवा फोन घेऊन टाक. घड्याळाला अजून एक पाहणारा चालतो. मी तुला आत घेईन. तुझ्या शाळेतली मुलं काही तुझी झडती घेणार नाहीत.

तुझीच,
वहिनी


२० मार्च

वहिनींस,

जानेवारीत माझ्या आईला चक्कर आली आणि ते मला मार्चमध्ये, तेही घड्याळाचं कौतुक करता करता कळतं. तुम्ही तिचं ऐकलंत, माझा विचार केला नाहीत. असो.

मी नवा फोन घेतला आहे, बाजारात जो सगळ्यात नवीन आहे तोच. कार्यालयात तो जुन्या मोज्यात घालून बॅगेच्या तळाशी ठेवते. परवा एका शाळेत बोलणं संपल्यावर एका मुलीने विचारलं, "ताई, तुमचा फोन दाखवा ना." मी पट्टी मेलेला जुना फोन काढून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकताना मला कुठे बघावं ते कळेना.

तुम्ही मला आत घेतलंत, आभारी आहे. माझ्या नावापुढे "पाहणारा क्रमांक दोन" असं लिहून आलं.

काल जेवणाच्या सुट्टीत मी जुन्या फोनवरून लॉन्ड्रीत आईला फोन लावला आणि नव्या फोनवर तिचे ठोके उघडून समोर ठेवले. ती अंगणातून धावत आली असावी. धापा टाकत म्हणाली, "बोल गं छोटे!" आकडा अडुसष्ट. मी सांगितलं, मला अजून एका शाळेने बोलावलंय. अडुसष्ट. सांगितलं, तुझी फार आठवण येते. अडुसष्ट. सांगितलं, पुढच्या महिन्यात घरी येतेय.

सदुसष्ट.

वहिनी, माझ्या येण्याने तो उतरला.

तुम्ही फोन करता तेव्हा वाढतो का? मोजलं असेल तर कळवा. मोजलं नसेल तर कृपा करून मोजू नका.

आपली,
क्रमांक दोन


२९ मार्च

प्रिय वन्सं,

एकदम "तुम्ही"? माझ्या लग्नात मला सगळे अहोजाहो करत होते, तेव्हा तू एकटी "तू" म्हणालीस. त्या दिवशी मला वाटलं होतं, या घरात आपलं निभेल.

मी फोन करते तेव्हा वाढतो का, विचारलंस. मोजलंय. तुझ्याआधी महिनाभर मोजतेय. नाही वाढत.

आता माझंही ऐक. तुला वाटतं, हेवा फक्त शिकलेल्या मुलींनाच वाटतो? लग्न होऊन आठवडा झाला असेल, आईंनी मला पाकीट धरायला दिलं. उघडलं तर वरच तुझं कार्ड. तेव्हापासून त्या पाकिटातून जेव्हा काही काढायचं, तेव्हा आधी तुझं अक्षर बघायचं. त्यांच्या गुडघ्याला शेक देते मी, औषधं आणते मी, रात्री उठून पाणी देते मी, आणि काही झालं तर कळवायचं तुला, एवढ्या लांब! लॉन्ड्रीतल्या सगळ्या बायकांना ते कार्ड तोंडपाठ आहे. "हिची पोरगी ग्रॅज्युएट." आईंना मी सांगितलं असतं की माझं नाव खाली घाला, तर त्यांनी घातलंही असतं. पण मागून घेतलेल्या गोष्टीत काय मजा? म्हणून घड्याळ आणलं. त्यात मी क्रमांक एक आहे, कारण पैसे माझे होते. घे, कळलं?

पण भांडण नंतर करू. या आठवड्यात घड्याळाने दोनदा इशारा दिला, "हृदयाचे ठोके अनियमित." दोन्ही वेळा आई कामावर होत्या. इशारा पहिल्या क्रमांकालाच येतो, म्हणून तुला दिसला नसेल. मी डॉक्टरांचं नाव काढलं की त्या हसतात, विषय बदलतात, आणि वर मलाच म्हणतात, "तू नको गं काळजी करूस." घरी मात्र सगळं नीट चालू असतं. मला भीती वाटते. माझं ऐकत नाहीत. तू त्यांना लिही. तुझं ऐकतील, हे लिहितानाही माझा हात जड झालाय.

तुझी,
वहिनी


५ एप्रिल

चि. छोटी हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर मोठं काढलंस ते बरं केलंस. डॉक्टरकडे जा, डॉक्टरकडे जा, म्हणून तुम्ही दोघी माझ्या मागे लागलात. म्हणून तुला एकटीला खरं सांगते.

कामावर ते घड्याळ माझ्या हातात नसतं. इस्त्रीपाशी पट्टा भिजतो, तापतो, कातडी लाल होते. काढून ठेवावं तर तुझी वहिनी घाबरून फोन करते. मग सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणते, "या बाईंच्या घरचे दिल्लीच्या तख्तावर बसवतील हिला." दोनदा ऐकून घेतलं. मग मी युक्ती काढली. कामावर आले की घड्याळ आमच्या शिवणवालीला घालते. ती खिडकीपाशी बसून फाटलेल्या चादरी शिवते, तिथे वाफ नसते. सुट्टी झाली की परत घेते. तिलाही आवडतं. सुई ओवताना हात वर करून करून बघते.

आता ते ओरडायला लागलंय. मला वाटतं, त्याला कळलं की हात दुसऱ्याचा आहे. इतके दिवस फसलं, आता ओळखलं. शिवणवालीने साबणाने हात धुऊन बघितला. उजव्या हातात घालून बघितलं. तरी त्याचं समाधान होत नाही. तू फोनांमधली जाणकार. तिचा हात त्याला पटवून देता येईल का, ते कळव.

मी ठणठणीत आहे. तेव्हा चक्कर आली ती काही न खाता गेले होते म्हणून. आता पिशवीत बिस्किटं ठेवते.

वहिनीला सांगू नकोस. तिने हौसेने आणलंय. तिचं मन मोडेल.

तुझी आई


१७ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुझा फोन आला तेव्हा एक बाई माझ्यासमोर एका डोळ्यावर हात धरून अक्षरं वाचत होत्या. तू एवढंच म्हणालीस, "ते ठोके आईचे नाहीत, शिवणवालीचे आहेत, तिला दवाखान्यात ने." मी त्यांना तशाच सोडून पळाले. मालक सांगतात, त्या बराच वेळ डोळा झाकूनच बसल्या होत्या. त्यांना वाटलं, हाही तपासणीचा भाग असेल.

लॉन्ड्रीत शिवणवाली खिडकीपाशी चादर शिवत होती. माझं घड्याळ तिच्या हातात. मला बघून ती आणि आई अशा दचकल्या, जणू चोरी पकडली. "मला काही होत नाही हो," शिवणवाली म्हणाली. "जिना चढताना धाप लागते, ती तर कधीपासूनच लागते." मी घड्याळ तिच्या हातात तसंच ठेवून तिला रिक्षात बसवलं. दवाखान्यात पट्ट्या लावून कागदावर आलेख काढला. हृदय मध्येमध्ये ठोका चुकवतंय. ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, आलात ते बरं झालं, अजून थांबला असतात तर अवघड होतं. आता घरी आहे, गोळ्या चालू आहेत.

आई बाहेरच्या बाकावर बसून रडत होत्या. "मला वाटलं गं, घड्याळ रुसलंय." त्यांनाही त्याच दिवशी तपासून घेतलं. रक्त कमी आहे. सुपरवायझरने त्यांना इस्त्रीवरून काढून घड्या घालायला बसवलं. पहिल्यांदाच त्या बाईंना मी मनापासून धन्यवाद दिले.

आता माझं. महिनाभर मी एका परक्या बाईच्या हृदयावर दुकानात भाव खात होते. "कामावर किती शांत!" शांतच असणार, ती बसलेली होती! तरी त्याचं मला हसू येतं. ज्याचं हसू येत नाही ते हे, की आईंनी ते तुला सांगितलं. मी समोर बसून त्यांच्या गुडघ्याला शेक देत होते तेव्हा त्यांनी तुला पत्र लिहिलं.

म्हणून एकच विचारते. त्यांचं पत्र तुला कधी मिळालं, आणि तू मला फोन कधी केलास?

घड्याळ मी शिवणवालीच्याच हातात राहू दिलंय. पण ते अजून माझ्या फोनला जोडलेलं आहे. तिच्या मुलीचा फोन तुझ्या जुन्या फोनपेक्षाही जुना. परवा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण माझ्या आईची धडधड तुमच्या फोनवर का?"

घरी येऊन तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचलं.

वहिनी


२४ एप्रिल

प्रिय वहिनी,

पत्र मंगळवारी मिळालं. फोन मी गुरुवारी केला.

मधल्या काळात मी काय केलं, तेही सांगते. पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. "तुला एकटीला खरं सांगते," एवढी एकच ओळ मी परत परत वाचत होते. बुधवारी पत्र पर्समध्ये घालून कार्यालयात नेलं. कुणाला दाखवायचं नव्हतं, नुसतं जवळ हवं होतं. तू क्रमांक एक, घड्याळ तुझं, पैसे तुझे, आणि तरीही खरी गोष्ट माझ्या पर्समध्ये. इतकी खूश मी पदवी मिळाली तेव्हाही नव्हते. तुला कसं कळवायचं याचा विचार करत होते. कळवायचं की नाही, याचाच जास्त. आईने सांगू नको म्हटलं होतं ना, ते माझ्या पथ्यावर पडलं होतं.

गुरुवारी दुपारी मोज्यातून नवा फोन काढला आणि सवयीने ठोके बघितले. अडुसष्ट, मग एकदम एकशेदहा, मग पुन्हा खाली. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की हा आकडा कुणाचा तरी आहे. आईने लिहिलं होतं की घड्याळ ओरडतंय. मी आईच्या गुपितात इतकी रमले होते की त्या गुपितात बसलेली दुसरी बाई मला दिसलीच नाही. जगाने वस्तू जपून वापराव्यात म्हणून मी गावोगाव बोलत फिरते, आणि एक माणूस माझ्या हिशेबातच नव्हतं. त्या दोन दिवसांत तिला काही झालं असतं तर, याच्या पुढचं वाक्य मला अजून पूर्ण करता येत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. तू विचारलं नसतंस तर बहुधा सांगितलं नसतं.

काल मी घरी येऊन गेले. तू दुकानात असशील अशीच वेळ निवडली, नाहीतर तू मला अडवलं असतंस, नाहीतर आपण दोघी रडत बसलो असतो आणि काम राहिलं असतं. आधी शिवणवालीकडे गेले. ती उशीला टेकून बसली होती आणि मुलीवर ओरडत होती, की चादर अशी शिवतात का. नवा फोन मी तिच्या मुलीला दिला. घड्याळातूनच तुझा फोन काढून टाकला आणि ते तिच्या फोनला जोडलं. "पाहणारा क्रमांक एक" म्हणून आता तिचं नाव आहे. तिने पहिला आकडा बघितला आणि तोंडावर ओढणी धरली. मला तिचाही हेवा वाटला, काय करू. तुझ्या फोनवर आता काही दिसत नसेल. घाबरून लॉन्ड्रीत फोन करू नकोस!

संस्थेत खरं सांगितलं, की नवा घेतला होता आणि देऊन टाकला. आमचा बॅटऱ्या काढणारा म्हणाला, "मोज्यातला ना? आम्हाला सगळ्यांना माहीत होतं." जुना फोन पुन्हा आडवा धरायला लागलेय.

मग घरी गेले. आई नुकतीच कामावरून आली होती. घड्या घालून तिचे हात किती मऊ झालेत, बघितलंस का? दारात मला बघून तिने नुसतंच "आलीस?" म्हटलं आणि माझा हात धरला. तिच्या मनगटावर काही नव्हतं. मी बोटं ठेवून बघितली. वाढले होते गं. आकडा ठाऊक नाही, मोजला नाही, पण वाढले होते. तू संध्याकाळी घरी येतेस तेव्हा बोटं ठेवून बघ. मला कळवायची गरज नाही.

तिचं पाकीट मागून घेतलं आणि जुनं कार्ड काढून फाडलं. आई म्हणाली, "नंबर बदललास का गं पुन्हा?" मी हो म्हटलं. नवं कार्ड तिथेच बसून लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणलं, म्हणजे मला नंतर खोडता येणार नाही. "काही झालं तर कळवा." पहिलं नाव तुझं, पहिला नंबर तुझा. तू जवळ आहेस. तू भर दुकानातून पळत सुटतेस. चादरींच्या ढिगाऱ्यामागचं माणूस तू शोधून काढायला लावतेस. आईने तू करून दिलेला चष्मा लावला, मोठ्याने वाचलं, आणि कार्ड पाकिटात ठेवताना म्हणाली, "हे बरं झालं." माझ्या पोटात दुखलं. पण तोवर प्लॅस्टिक गार झालं होतं.

तुझ्या खाली माझा नंबर आहे. माझ्या नावाचं अक्षर तुझ्या नावापेक्षा जरा मोठं आलंय. खाली जागा उरली होती.

तुझी,
वन्सं